त्या शिमग्यातला मार

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत यंदा नोटीस लागली आहे. होळी लहान ठेवा, लाकडं कमी जाळा, इथवर ठीक. पण शेवटची ओळ वाचून मी जिन्यातच थांबले. ‘कृपया बोंब मारू नये, पाळीव प्राण्यांना त्रास होतो.’ आता सांगा! होळी पेटवायची आणि पालथा हात तोंडावर आपटायचा नाही, म्हणजे लग्न लावायचं आणि नवऱ्यामुलाला घरीच ठेवून यायचं. मी सेक्रेटरींना म्हटलं, “अहो, कुत्र्यांना एक दिवस घाबरू द्या की. आपण वर्षभर त्यांना घाबरतोच ना!” ते हसले, पण नोटीस काही काढली नाही.

वर येऊन खिडकी लावली आणि मनात म्हटलं, बरंच झालं. कारण खरं सांगायचं तर ती बोंब मलाही सोसत नाही. लोकांना फाल्गुन म्हटलं की पळस आठवतो, पुरणपोळी आठवते, रंग आठवतात. मला जळलेल्या कातडीचा वास येतो. चाळीसएक वर्षं झाली असतील, तरी येतो. घरात गॅसवर पापड भाजला तरी फाल्गुनात मी चमकून मागे बघते.

तेव्हा आम्ही घाटकोपरच्या टेकडीवर राहत होतो. चाळ आमची सगळी कोकणातली. भांडण मालवणीत, प्रेम मालवणीत, मुंबईची हिंदी फक्त भाजीवाल्यापुरती. आमचे हे विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंगखात्यात होते. नाव रघुनाथ. माणूस इतका गरीब स्वभावाचा की घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन बाहेर सोडून यायचा. शिमग्यात चाळीतले बाप्ये यांना मधे उभं करायचे आणि म्हणायचे, “चल रघ्या, एक शिवी दी. नायतर सोडूचंव नाय.” हे लाल होत होत शेवटी म्हणायचे, “गाढवा!” आणि सगळी चाळ हसून लोळायची. दर वर्षी तेच. लोक त्या ‘गाढवा’ची वाट बघायचे.

आणि ह्या माणसाची आई कशी, तर आग. तिला सगळी चाळ आये म्हणायची. नळावर कोणी रांग मोडली तर ती हंडा नाही सरकवायची, माणूस सरकवायची. एकदा एका दारुड्याने जिन्यात माझी वाट अडवली, तर कोयता घेऊन त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेली. परत आल्यावर मला म्हणाली, “तू काय तोंड बांधून जन्माक इलंस? वरडाक येना नाय तुका?” मला लग्नात मिळालेली सासू ही. मी तिला भीत होते आणि तिच्या जिवावर निर्धास्तही होते. दोन्ही एकदम होतं माणसाला.

त्या वर्षी थंडीत ह्यांचं पोट उजवीकडे फुगायला लागलं. जेवण जाईना. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलणं सरळ. मला एकटीला बसवून म्हणाल्या, “यकृतात गाठ आहे. कॅन्सरची. मोठी आहे, कापून काढता येणार नाही.”

“मग?” मी.

“मांडीतून एक बारीक नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या नसेपर्यंत जायचं. तिथून औषध सोडायचं, आणि मागोमाग ती नस बंद करून टाकायची. नुसतं औषध दिलं तर ते वाहून जातं. नुसती नस बंद केली तर गाठ कुठून तरी दुसरीकडून रक्त ओढते. दोन्ही मिळून केलं तर औषध आतच कोंडून राहतं आणि गाठ उपाशी मरते. सगळी नाही मरत. थोडी.”

“बरे होतील?”

“नाही. वेळ मिळेल. आपल्याकडे हे नवीनच आहे, मी खोटं आश्वासन देणार नाही.”

आता त्या बोलण्याकडे बघते तर वाटतं, सगळी युद्धाचीच भाषा होती. रसद तोडायची, कोंडायचं, उपाशी मारायचं, विष पाजायचं. पण ते युद्ध लागलं होतं माझ्या माणसाच्या पोटात. पहिल्या खेपेनंतर त्यांना जो ताप भरला, जी कळ आली, तिने हे पलंगावर धनुष्यासारखे वाकायचे. ओरडायचे नाहीत. टॉवेलची घडी दातांत धरायचे. घरी आणून तो टॉवेल मी धुवायला घेतला तर त्याला भोकं पडलेली.

पण गाठ खरंच थोडी आवळली हो. दुखणं उतरलं. हे उठून गॅलरीत बसायला लागले, चहात बटर बुडवून खायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दुसरी खेप होळीनंतर. पण दोन गोष्टी जपा. डोळे पिवळे व्हायला नकोत आणि डोकं ठिकाणावर राहायला हवं. यकृतात तेवढा दम उरला तरच मला पुढे जाता येईल. आणि मला विचारल्याशिवाय तिसरं काही घालू नका.”

मी घरी येऊन हे सगळं आयेला सांगितलं. शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं.

डोळे पिवळे झाले.

माघ सरत आला होता. सकाळी तोंड धुताना आयेनेच पाहिलं. “रघ्याक कावीळ झालीहा,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला! मला तेव्हा राग आला होता, आता कळतं. गाठ तिच्या ओळखीची नव्हती, तिला भांडता येत नव्हतं तिच्याशी. कावीळ ओळखीची होती. कावीळ तिने पाहिलेली, उतरवलेली, तिच्या गावात कावीळ उतरवणारा माणूस होता. मोठा रोग गेला आणि लहान रोग आला, असंच तिला वाटलं. धाकटा दीर बाळा, वडाळ्याला ट्रकवर होता, तो एस.टी.ने जाऊन त्या वैद्याला घेऊनच आला.

मी दारात उभी राहिले. “बाळाभाऊजी, डॉक्टरांनी नको म्हटलंय.”

“वैनी, डॉक्टर दोन औषधं एकत्र घालतत ता चलता? आणि आमचा एक घातला तर वाट लागली?”

“त्यांना माहीत असतं काय कशात घालायचं ते!”

“आणि आमका काय, शेणातले किडे समाजतंस?”

त्याने मला दारातून ढकललं. मी कपाटावर आपटले. आयेने त्याच्या पाठीत धपाटा घातला, “बायल मनशाक हात लावतंस, मेल्या?” आणि मग मलाच धरून मोरीत कोंडलं. बाहेरून कडी. असा न्याय तिचा.

मोरीच्या फळीच्या फटीतून मी पाहिलं. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरतात, त्यातलं तेल उकळतं, आणि तो बिब्बा तसाच कातडीला टेकवतात. डाग देणं म्हणतात त्याला. एक मनगटावर, एक बेंबीच्या वर, एक उजव्या बरगडीखाली, जिथे ती गाठ होती बरोबर तिथेच. मी आतून फळी बडवत होते. आई डाग देववतेय म्हटल्यावर नाही म्हणणं ह्यांना येतच नव्हतं. पाचफुटी पोरासारखे पडून राहिले. कातडी चरचरली, वास खोलीभर झाला. आणि मग मुळ्यांचा कडू काढा, सकाळ-संध्याकाळ, आयेच्या हातून. म्हणाली, “हॉस्पिटलाचा एक, वैद्याचा एक. दोघा मिळान बरो करतले.”

कोणीतरी बाहेरून कडी काढल्यावर मी जी निघाले ती आयेच्या अंगावरच गेले. वेणी धरली तिची. हो, धरली. तिने माझ्या दंडाला चावा घेतला. शेजारणींनी सोडवलं. हे पलंगावरून क्षीण आवाजात म्हणत होते, “अगो, राहूंदे गो. दुखत नाय माका.”

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना आत्ता हाच रोग निघालाय. त्यांचा मुलगा परवा लिफ्टमध्ये सांगत होता, आता म्हणे नळीवाटे गाठ कोंडतात आणि वरून आणखी इंजेक्शनं देतात, अंगातल्याच पेशींना गाठीवर सोडणारी. “आजी, आता एकावर कोणी थांबत नाही, कॉम्बिनेशन असतं.” मी त्याला म्हटलं, “अरे, कॉम्बिनेशन आमच्या घरातही होतं.” त्याला काय कळणार! पण मी त्याचा हात धरून इतकं मात्र सांगितलं की घरात जे जे काही देताय, काढा, अंगारा, पपईची पानं, सगळं डॉक्टरला सांग. लाजू नको. तो म्हणाला, “आत्याने कसलं तरी चूर्ण पाठवलंय.” बघा. मला हसावं की रडावं कळेना. माणूस आपल्या माणसासाठी हात बांधून बसू शकत नाही, एवढंच खरं. काहीतरी करायचंच असतं त्याला. आणि करण्याचा जोर इतका असतो की खाली कोण पडलाय हे दिसत नाही.

होळी आली. चाळीपुढच्या मोकळ्या जागेत शेवरीचं खोड उभं केलं, गवत, गोवऱ्या, मोडक्या खुर्च्या, कोणाचं तरी चोरून आणलेलं फाटकसुद्धा. पेटली, आणि बोंबा सुरू झाल्या. ढोल. शिव्या अशा की ऐकणाऱ्याचे कान भाजावेत, पण त्या दिवशी कोणी कोणाचं वाईट मानायचं नाही हा नियमच. ह्यांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं होतं. दोन दिवस ते गुंगीत होते, हात पंख फडफडावेत तसे थरथरायचे. मला वाटलं थकवा.

अचानक हे उभे राहिले. कठड्याला धरून खाली वाकले आणि एक शिवी हासडली. अशी शिवी की ढोलवाला थांबला. मग दुसरी. तिसरी. ज्याच्या त्याच्या आईवरून, बहिणीवरून, नाव घेऊन घेऊन. आणि मग काय टाळ्या पडल्या हो! “रघ्या सुटलो रे! रघ्याची जीभ सुटली!” कोणी शिट्ट्या मारल्या. “होऊंदे रघ्या, अजून एक!” लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं आनंदाने. आजारी माणूस शिमग्यात आला, बरा झाला, असं वाटलं सगळ्यांना. आयेने कडाकडा बोटं मोडली, “माझ्या काढ्याचो गुण!” आणि मीसुद्धा हसले. मीसुद्धा. कोकणातल्या माणसांखेरीज ही चूक कोणी केली नसती. दुसऱ्या कुठल्याही महिन्यात आम्ही धावत डॉक्टरकडे गेलो असतो.

सकाळी धुळवड. मी मोसंब्याचा रस घेऊन ह्यांच्याजवळ गेले. “घ्या,” म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं की ह्यांना मी दिसत नाहीये. तिथे मी नव्हतेच. कोणीतरी दुसरंच होतं, त्यांचा जीव घ्यायला आलेलं. उशाशी पितळेचा तांब्या होता पाण्याने भरलेला. तो त्यांनी उचलला आणि माझ्या तोंडावर घातला. पहिला गालावर. दुसरा दातांवर. दोन दात तुटून माझ्या जिभेवर आले, त्यांची खरखर आधी जाणवली, दुखणं मागून आलं. मी खाली पडले तर छातीवर बसले. हाडांचा सापळा झालेला माणूस, आणि काय जोर! गळा धरला माझा.

आयेने मागून ओढलं त्यांना. तिला लाथ बसली, ती पलंगाच्या पायावर आपटली. बाळा धावत आला, पट्टा काढला आणि ह्यांच्या पाठीवर ओढला, एकदा, दोनदा. भावाला भाऊ असा मारताना मी कधी पाहिलं नव्हतं. मारत होता आणि रडत होता, “दादा, सोड! दादा, पाया पडतंय, सोड तिका!” शेवटी माझंच नऊवारी, पेटीतलं, आईने दिलेलं, ते काढून त्याने ह्यांचे हात-पाय खुर्चीला बांधले. गाठी मी मारल्या. माझं रक्त त्या लुगड्यावर आणि ह्यांची थुंकी माझ्या तोंडावर.

खुर्चीसकट चौघांनी उचललं. टेकडीचा उतार, पायऱ्यापायऱ्यांची अरुंद गल्ली. उचलणाऱ्यांची तोंडं रंगाने काळी-हिरवी. खुर्चीला बांधलेला पिवळा माणूस शिव्या देतोय, मागे रक्ताळलेल्या तोंडाची बाई धावतेय आणि म्हातारी बोंब मारतेय. खालच्या वस्तीला वाटलं, सोंग आलं! शिमग्याचं सोंग! पोरं नाचायला लागली. कोणी बादली ओतली ह्यांच्या डोक्यावर, कोणी गुलाल फेकला, “क्या ॲक्टिंग करता है यार, झकास!” आये त्यांच्यावर धावून जात होती, दगड मारत होती, “अरे माझो झील मरताहा रे!” आणि ते तिलाही सोंगच समजून हसत होते. एका बाईने माझ्या गालाला हात लावून बघितला. तिच्या बोटाला लागलं ते रंगासारखं वाटेना, तेव्हा ती किंचाळली. मग वाट मिळाली. मग टॅक्सीसुद्धा त्याच लोकांनी थांबवली.

हॉस्पिटलात बाळा डॉक्टरीणबाईंच्या अंगावर गेला. “तुमच्या नळीन वेडो केलो माझ्या भावाक!” त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, “आधी त्यांचे हात सोडा, काळे पडलेत. मग मला मारा.” लुगडं कात्रीने कापावं लागलं. सदरा वर केला तर ते डाग. “हे कोणी भाजलं?” बाळा मागे सरकला.

मग एनिमा, गोड चिकट औषधाचे कप, सलाईन. मला टाके. टाके घालता घालता त्या सांगत होत्या, “यकृत घाण गाळतं. ते थकलं की ती घाण रक्तातून मेंदूत जाते. तुम्हाला नवऱ्याने नाही मारलं. त्या विषाने मारलं. कदाचित हे उतरेल, शुद्ध येईल. पण दुसरी खेप आता नाही. आता ती नस बंद केली तर गाठीआधी तेच जातील.”

आये दारात उभी होती. “माझ्या काढ्यान झालां ह्या?”

“आजी, कशानेही होतं. बद्धकोष्ठाने, तापाने, काढ्याने. नुसत्या आजारानेही होतं.”

पण आयेने त्यातलं एकच ऐकलं. दिसलं मला, ते आत गेलेलं.

आमची मुलगी ह्या आजारपणात माझ्या बहिणीकडे होती, तिला मी येऊ दिलं नाही. पलंगाशी मीच. आणि माझ्या मनात एकच. खेप गेली, जाऊ दे. वेळ नाही मिळणार, नको मिळू दे. पण हा माणूस असा त्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत मरायला नको. एकदा मला ओळखू दे. एकदा नावाने हाक मारू दे. देवाकडे इतकं लहान मागणं मी आयुष्यात मागितलं नव्हतं.

दोनतीन दिवसांनी दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, “सुमन, पंखो बंद कर गो. थंडी वाजता.”

मी पंखा बंद केला. वळले तर हे माझ्याकडे टक लावून. गाल काळानिळा, ओठ सुजलेला, टाके.

“कोणी मारलां तुका?”

मी म्हटलं, “पडले. मोरीत.”

“खोटां बोलतंस. गळ्यार बोटां आसत. कोणाची ती?” उठून बसायला लागले. सलाईनची नळी ताणली, सुईतून रक्त उलटं चढलं. झुरळ न मारणारा तो माणूस, शुद्धीत, पुऱ्या शुद्धीत, दात आवळून म्हणत होता, “नाव सांग. जीव घेतंय त्याचो. नाव सांग माका!”

बाळा भिंतीला टेकून उभा, त्याची नजर खाली. ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बाळाकडे, मग स्वतःच्या हातांकडे. मनगटावर बांधल्याचे वळ होते. बघत राहिले त्या हातांकडे. आता एका क्षणात त्यांना कळणार होतं.

“मीयां मारलंय,” आये म्हणाली.

ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, कमरेवर हात ठेवून, नळावर उभी राहायची तशी. “मीयां. तांब्यान. उलट बोलाक लागली माका. काढो देऊ नुको म्हणी. धरलंय गळो नि घातलंय दोन. माझी सून आसा, मारीन नायतर काय करीन.”

“आये, तू?”

“व्हय, मी. काय करतलंस? मारतंस आवशीक? मार!”

हे नुसते बघत राहिले. त्या नजरेत जे होतं ते मी कोणाच्याच नजरेत परत पाहिलं नाही. मग मान फिरवून म्हणाले, “भायर जा. तोंड दाखव नको माका.”

मी तिच्यामागे बाहेर गेले. “आये, हे काय केलंत? मी सांगते त्यांना...”

तिने माझा दंड धरला, तिनेच चावलेल्या जागेवर, आणि असा पिळला की डोळ्यांपुढे काजवे. “तोंड उघडलंस तर जीभ हासडीन. मरतलो तर माझ्यार रागावून मरांदे. स्वतःर रागावून नुको.”

चैत्राची पालवी फुटेपर्यंत हे होते. शुद्धीत होते. माझ्याशी बोलायचे, लेकीशी बोलायचे, बाळाला जवळ बसवून घ्यायचे. आईशी एक शब्द नाही. ती खोलीत आली की डोळे मिटायचे. ती चाळीत पहिल्यासारखीच भांडायची, फक्त घरात पावलं न वाजवता वावरायची.

शेवटच्या दिवशी श्वास लागला तेव्हा शेजाऱ्यांनी गंगेचं पाणी आणलं. चमचा आयेच्या हातात दिला, आई म्हणून. तिने तो ह्यांच्या ओठांशी नेला. ह्यांनी डोळे अर्धवट उघडले, तिला पाहिलं आणि दात घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून खाली ओघळलं. तिने पदराने ते टिपलं, चमचा पुन्हा भरला आणि माझ्या हातात दिला. स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी चमचा लावला. त्यांनी ओठ उघडले.

“प्यालो काय गो?” तिने न वळताच विचारलं.

“प्याले, आये.”

“मगे बरां,” ती म्हणाली.